म्यानात ऐकलेले वाक्य

चाकू म्हटले की तुम्ही मुले हात मागे घेता. घ्यायलाच हवा. पण मित्रांनो, मी एक जुना, बोटभर लांबीचा, झिजून झिजून गवताच्या पात्याएवढा उरलेला चाकू आहे आणि उभ्या जन्मात मी साधे एक फळसुद्धा कापलेले नाही. माझे काम खरवडण्याचे. चर्मपत्रावर लिहिलेले अक्षर चुकले की त्याची वाळलेली शाई हलक्या हाताने, पापुद्र्यासारखी काढायची. खाली कातडे फाटता कामा नये. एवढेच काम, पण ते करता करता मी जे ऐकले आणि पाहिले, त्याने माझ्यासारख्या लोखंडाच्याही अंगावर काटा येतो.

माझा जन्म दोनदा झाला. आधी मी एका न्हाव्याचा वस्तरा होतो. एकदा फरशीवर पडून माझे दोन तुकडे झाले. न्हाव्याने मोठा तुकडा समोरच्या लोहाराला दिला. लोहाराने तापवले, ठोकले, कानशीने घासले आणि एका मोडक्या खुर्चीच्या पायाची मूठ मला बसवली. तिथून मी लेखनिकाच्या टेबलावर आलो.

हे थोरले लेखनिक हिब्रू लोकांचे सर्वांत जुने धर्मग्रंथ हाताने लिहीत असत. छपाई यंत्रे येऊन कितीतरी पिढ्या लोटल्या, पण प्रार्थनामंदिरात वाचायची प्रत आजही हातानेच लिहिली जाते. कमावलेल्या कातड्याचे पान, हंसाचे पीस आणि मायफळ, डिंक व हिराकस नावाचा लोखंडाचा क्षार घालून उकळलेली काळीभोर शाई. पाने लिहून झाली की ती जनावराच्या स्नायूच्या दोऱ्याने एकमेकांना शिवायची आणि लांबच लांब गुंडाळी करायची. एका गुंडाळीला वर्ष-दीड वर्ष सहज जाते.

खोली लहान होती. डाव्या हाताला खिडकी, उतरते टेबल, कोपऱ्यात शाईचे मडके आणि घरात उघडणारे एक दार, नेहमी चार बोटे उघडे.

या लिखाणाचा एक नियम आहे. कोणताही शब्द आठवणीने लिहायचा नाही. समोरच्या प्रतीत पाहायचा, तोंडाने मोठ्याने म्हणायचा आणि मगच लिहायचा. त्यामुळे मला वाचता येत नसूनही मी सगळे ग्रंथ ऐकले आहेत. अनेकदा ऐकले आहेत.

मी चाकू, म्हणून माझे कान काही गोष्टींना अधिक टवकारत. वेदी बांधायची तर अखंड दगडांची बांधा, त्यांना लोखंडाचे हत्यार लावू नका, लावलेत तर ती विटाळली, अशी तिथे एक आज्ञा आहे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी खूप खजील झालो. त्याच ग्रंथांत एका म्हाताऱ्याची गोष्ट येते. देव त्याच्याशी करार करतो तेव्हा जनावरे मधोमध चिरून समोरासमोर मांडतात आणि अंधार पडल्यावर त्या दोन रांगांमधून धगधगती ज्वाळा जाते. करार मोडणाऱ्याचे असे दोन तुकडे होवोत, असा त्या मांडणीचा अर्थ. पण म्हातारा तर गाढ झोपलेला असतो. तुकड्यांमधून एकटी ती ज्वाळाच जाते! म्हणजे शिक्षेची हमी देवाने एकट्याने घेतली. हे ऐकून थोरले लेखनिक दर वेळी पीस खाली ठेवत आणि थोडा वेळ खिडकीबाहेर बघत.

आणि त्याच म्हाताऱ्याची दुसरी गोष्ट. डोंगरावर त्याने पोटच्या मुलाला लाकडांवर बांधले आहे, हातात चाकू उचलला आहे, आणि वरून हाक येते. हात थांबतो. मित्रांनो, त्या चाकूने त्या दिवशी काहीच केले नाही, आणि मला जगातल्या सगळ्या चाकूंमध्ये तोच थोर वाटत आला आहे.

मलाही एका ठिकाणी थांबावे लागे. त्या ग्रंथांत देवाचे एक नाव आहे, चार अक्षरांचे. ते कोणी तोंडाने उच्चारत नाही. बाकी कोणताही शब्द चुकला तर मला बोलावणे येई, पण ते नाव एकदा लिहिले गेले की खरवडायचे नाही. कधीच नाही. त्यात चूक झाली तर पूर्ण पान मातीच्या रांजणात घालून दफन करायचे, माणसाला करतात तसे. म्हणूनच ते नाव लिहिण्याआधी लेखनिकाने थांबून एक वाक्य मोठ्याने म्हणायचे असते, “या नावाच्या पवित्रतेसाठी मी हे लिहीत आहे.” हे वाक्य न म्हणता लिहिले तर ते नाव पवित्र ठरत नाही. दिसायला मात्र दोन्ही अगदी सारखीच! कोणी कितीही मोठे भिंग लावले तरी फरक सापडणार नाही.

थोरल्या लेखनिकांनी त्यात स्वतःची एक सवय घातली होती. नाव आले की सवयीने हात माझ्याकडे जाऊ नये, म्हणून ते मला आधी चामडी म्यानात घालत. मग अंधारात मला ते वाक्य ऐकू येई, आणि मग पिसाचा आवाज, चार अक्षरांचा.

एके सकाळी कोणाच्या तरी जुन्या गुंडाळीतले खराब पान बदलून देण्यासाठी असेच एक सुटे पान चालू होते. डोंगराखाली जमलेल्या लोकांना आज्ञा मिळतात आणि ते देवाशी करार करतात, त्या भागाचे. पाच रकान्यांचे पान. दोन रकाने पूर्ण झाले आणि थोरल्या लेखनिकांनी “जरा पडतो” म्हणून पीस ठेवले. ते परत टेबलापाशी आले नाहीत.

पुढचे वर्षभर ती खोली बंद होती. मला गंज चढला. थोरल्या लेखनिकांची धाकटी बहीण त्याच घरात राहायची. सगळे तिला आत्या म्हणत. तिने एकदा आत येऊन मला उचलले आणि करपलेल्या दुधाच्या पातेल्याचा तळ माझ्या पात्याने खरवडला!

“काय भारी खरवडतो गं हा,” ती थोरल्यांच्या सुनेला म्हणाली. “दादाने उगाच त्याला इतका मान दिला.”

मी पातेल्याच्या काळ्या तळाकडे पाहत राहिलो. काय बोलणार?

वर्ष सरल्यावर थोरल्यांच्या मुलाने दार उघडले. तोही हेच काम शिकलेला. त्याने मला राख लावून घासले, तेलाचा हात दिला आणि वडलांचे अर्धे राहिलेले पान टेबलावर पसरले. “आधी बाकीची पानं लिहितो, हात बसला की हे पुरं करतो,” तो म्हणाला. ती त्याची पहिलीच पूर्ण गुंडाळी ठरणार होती आणि तिच्यात दोन रकाने वडलांच्या हातचे असणार होते. आत्या रोज एकदा येऊन ते दोन रकाने बघून जाई. तिला वाचता येत नव्हते. ती नुसती बघे.

आता घरातल्या बाकीच्या दोघींविषयी सांगतो. लेखनिकाची बायको फार शिकलेली आणि त्याहून जास्त काळजी करणारी. आणि त्यांची लेक, दीड वर्षाची, जी दिवसभर तोंडाने काहीतरी गुणगुणत असे. सगळे तिला भुणभुण म्हणत. हाताला लागेल ते तोंडात घालायचे, हा तिचा धंदा. त्यामुळे तिची आई टोपलीतली मायफळे रोज मोजून ठेवायची, मला रोज वरच्या फळीवर सरकवायची आणि चार बोटे उघड्या दाराआड कान देऊन बसायची. आतून ते वाक्य ऐकू आले की ती लेकीच्या ओठांवर बोट ठेवी. गुणगुण थांबे. नाव लिहून झाले की पुन्हा सुरू. असे महिनोनमहिने चालले.

आणि मग ती सकाळ आली. लेखनिक वडलांच्या त्या पानाच्या चौथ्या रकान्यात होता. लोकांनी होकार दिला आहे, बळी दिलेल्या बैलांचे अर्धे रक्त वेदीवर शिंपडले आहे, अर्धे लोकांवर, आणि करार पक्का होतो आहे. त्या ओळीत नाव येते. त्याने मला म्यानात घातले. पीस शाईत बुडवले.

तेवढ्यात दाराआडून खोकल्याचा एक चमत्कारिक आवाज आला. मग तोही थांबला.

“अहो! अहो, या लवकर! हिच्या घशात काहीतरी अडकलंय!”

मी म्यानात होतो. मला वाक्य ऐकू आले नाही. मला पिसाचा आवाज ऐकू आला. एक अक्षर. दुसरे. तिसरे. चौथे. मग खुर्ची पडल्याचा आवाज.

तो पोचला तोपर्यंत आईने लेकीला पालथे धरून पाठीवर चार-पाच दणके दिले होते आणि जमिनीवर एक ओले मायफळ घरंगळत होते. भुणभुण भोकाड पसरून रडत होती. तो आवाज ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

“आठ होती,” आई पुन्हा पुन्हा म्हणत होती. “सकाळी मी आठ मोजली होती. मी मोजली होती.”

लेखनिकाने लेकीला घ्यायला हात पुढे केले. तिने दिली नाही.

“चार अक्षरं,” ती म्हणाली. “तिचा चेहरा निळा पडला होता, आणि तुम्ही चार अक्षरं पुरी करून आलात.”

“नाव अर्धवट सोडता येत नाही,” तो म्हणाला. “तसा नियमच आहे. लिहिताना राजा दारात आला तरी त्याला उत्तर द्यायचं नाही.”

“राजा नव्हता आला.”

त्यानंतर घरात बोलणे आटले. लेखनिकाने पान पूर्ण केले, पण रोज सकाळी तो भिंग घेऊन त्या एका नावावर वाकायचा. काय शोधत होता, ते मला ठाऊक होते. तेव्हा फार वाटले की ओरडून सांगावे. लोखंडाला कंठ नसतो, मित्रांनो.

आत्या वैतागली. “दोघं एकमेकांशी मिठापुरतं बोलता. निदान माझ्याशी तरी भांडा! घरात माणसं राहतात की खुर्च्या?”

दोन महिन्यांनी गुंडाळीची सगळी पाने लिहून झाली आणि तपासनीस आले. हे लिहिलेले प्रत्येक अक्षर तपासणारे म्हातारे गृहस्थ. गळ्यात कायम भिंग लोंबत असे, म्हणून भिंगवाले आजोबा. ते आठ दिवस रोज सकाळी येऊन वाचत बसले. चार ठिकाणी त्यांनी मला कामाला लावले. वडलांचे ते पान लेखनिकाने सगळ्यांत शेवटी, आठव्या दिवशी, त्यांच्यापुढे ठेवले.

“हा तुझ्या वडलांचा हात,” ते म्हणाले. “हे उंच मानेचं अक्षर बघ. असं बगळ्यासारखं मान वर करून उभं करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.”

आत्याने पदर डोळ्यांना लावला. लेखनिक खाली बघत होता. आजोबांनी पाचही रकाने वाचले, भिंग सोडले आणि हसले. “एकही चूक नाही. शिवून टाका.”

बायको पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. ती तशीच उभी राहिली.

“आजोबा,” तिने विचारले, “पानावर न दिसणारी चूक तुम्ही कशी शोधता?”

“ती मी नाही शोधत, बाळ. ती लिहिणाऱ्याने सांगायची असते.”

तिने नवऱ्याकडे पाहिले. त्याने मान वर केली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी एकमेकांकडे नीट पाहिले असेल.

“त्या दिवशी मला वाक्य ऐकू आलं नाही,” ती म्हणाली. “ते ऐकून मी हिला गप्प करते. रोज. त्या दिवशी आलं नाही. तेव्हाच बोलले असते तर तुम्हाला तो टोमणा वाटला असता. पण आज गप्प बसले तर ती चोरी होईल.”

“अगं, काहीतरीच!” आत्या उसळली. “पोर गुदमरत होती, तुला काय ऐकू येणार? माझ्या भावाचं शेवटचं लिखाण आहे त्या पानावर. त्याच्यामागे दुसरं काय उरलंय आम्हाला?”

“मला आठवत नाही, आत्या,” लेखनिक म्हणाला. “दोन महिने आठवतोय. हिला विचारायची हिंमत होत नव्हती. हिने ‘नाही ऐकलं’ म्हटलं तर, ही भीती.”

आजोबांनी खुर्ची जवळ ओढली. “तोंडाने नसेल म्हटलंस. मनात तरी म्हटलंस का?”

आतल्या खोलीतली गुणगुण स्पष्ट ऐकू येत होती.

“मनात,” तो थांबला. “मनात लेक होती. हात नुसता लिहीत होता.”

आजोबांनी गळ्यातले भिंग काढून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, “मग तिथे नाव आहे असं मी म्हणू शकत नाही.”

“नाव नाही ना? मग नुसती शाई आहे!” आत्याने झडप घालून मला उचलले आणि पुढे केले. “खरवडा आणि लिहा पुन्हा. हा काय नुसता बसून खातो का?”

मित्रांनो, माझे पाते त्या चार अक्षरांपासून वीतभर अंतरावर होते. शंभर वेळा मी जिथून मागे फिरलो होतो, तिथे. सुटका माझ्याच धारेत होती. एक पान वाचले असते, एका बहिणीला तिचा भाऊ परत मिळाला असता.

आजोबांनी तिचे मनगट हळूच धरले. “नुसती शाई आहे अशीही खात्री कोण देणार, ताई? लोकांसमोर वाचायला ते नाव पुरेसं नाही आणि खरवडायला ते फार जास्त आहे.”

“मग कापा तरी! दादाचे दोन रकाने तेवढे गुंडाळीत ठेवा.”

“तीन रकान्यांहून लहान पान गुंडाळीत चालत नाही, आत्या,” लेखनिक म्हणाला. “आणि बाबांचे दोनच आहेत.”

आत्याचा हात खाली आला. तिने मला टेबलावर ठेवले, टाकले नाही.

लेखनिकाने पानाच्या कडेवरून बोट फिरवले. वडलांच्या रकान्यांना त्याने हात लावला नाही. “दफन करू,” तो म्हणाला. “मी पाचही रकाने पुन्हा लिहीन.”

आजोबा उठले, काठी घेतली आणि दारापाशी थबकले. “एक विचारू? राजाला उत्तर द्यायचं नाही, असा नियम आहे खरा. लेकराला द्यायचं नाही, असं कुठे वाचलंस?”

लेखनिकाने पानावरचे बोट उचलले.

“जीव वाचवायचा असला की बाकी नियम बाजूला होतात, हे तुझ्या वडलांनी तुला शिकवलंय. मी स्वतः ऐकलंय. त्या डोंगरावरच्या म्हाताऱ्याची गोष्ट तू किती वेळा वाचलीस? चाकू उचलला, हे आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहतं. हाक आल्यावर तो थांबला, हे विसरतो आपण. नाव अर्धं राहिलं असतं तरी चाललं असतं, बाबा. पान असंही गेलंच ना?”

मग लेखनिक रडला. अगदी लहान मुलासारखा, तोंड न झाकता. त्याच्या बायकोने पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. “मी पण तेव्हापासून रोज दहादा मायफळं मोजतेय,” ती म्हणाली. “मोजून मोजून वेड लागायची वेळ आली.” आणि दोघेही एकाच वेळी थोडेसे हसले.

दोन दिवसांनी पान पांढऱ्या कापडात गुंडाळून मातीच्या रांजणात ठेवले. आत्याने रांजण दुसऱ्या कोणाला धरू दिला नाही. दफनभूमीत थोरल्या लेखनिकांच्या शेजारीच जागा केली होती. मी तिथे नव्हतो, पण लेखनिकाने परत आल्यावर मला पुसताना बायकोला सांगितले ते मी ऐकले. रांजण खाली ठेवताना आत्या म्हणाली होती, “घे दादा. तुझं तुझ्याजवळ.”

तेव्हा मला बळी या शब्दाचा अर्थ थोडासा कळला. ग्रंथांत वाचतात त्यात कोकरे असतात, धूर असतो, रक्त असते. इथे तसे काही नव्हते. होते ते एका म्हातारीचे रिकामे झालेले दोन हात. पण जे सगळ्यांत प्रिय, ते देऊन टाकले होते, आणि तेही जी चूक जगात कोणालाच दिसली नसती तिच्यासाठी. सांगेपर्यंत ती चूक फक्त तिघांनी जाणली होती. त्या नवरा-बायकोने आणि एकाने, ज्याचे ते नाव आहे. मी धरून चार म्हणा हवे तर.

नवे पान आले. लेखनिकाने शाईविना रेघा आखल्या आणि पहिल्या रकान्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी आत्या नेहमीसारखी येऊन उभी राहिली. बराच वेळ नुसती बघत राहिली.

“ही मान बघ,” ती एकदम म्हणाली. “बगळाच की रे!”

लेखनिकाने चमकून पाहिले. त्याने मुद्दाम काही केले नव्हते.

मित्रांनो, आता मी इतका पातळ झालो आहे की माझ्यावर फार जोर चालत नाही. तुमच्या घरात माझ्यासारखे जुने काही असेल तर ते कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हात द्या, आणि कृपा करून त्याने दुधाचे पातेले खरवडू नका. पण ज्या कामाला तुम्ही पवित्र मानाल, त्या कामात असताना एखादी हाक आली तर ती ऐका. काम मोठे असेल तर ते तुमची वाट बघेल. न बघणारे काम मोठे नसते, असे मला या टेबलावर पडून पडून वाटू लागले आहे.

कराराची ती ओळ पुन्हा आली, तो दिवस सांगतो आणि थांबतो. लेखनिकाने मला म्यानात घातले. अंधार झाला. पीस बुडाले. मी कान देऊन होतो. पण वाक्य आले नाही. त्याआधी, या खोलीत कधीही न ऐकलेले काहीतरी आले. त्याने दाराकडे तोंड करून विचारले, “सगळं ठीक आहे ना गं?”

आतून उत्तर आले, “ठीक आहे. लिहा.”

मग त्याने ते वाक्य म्हटले, सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा. दाराआडची गुणगुण थांबली. आणि म्यानातल्या त्या मिट्ट काळोखात मी चार अक्षरे ऐकली, एकामागून एक.